डिफेन्स कंपनीत एचआर अ‍ॅडमिनला यायचंय? मग आधी हे वाचा

एमपीएम, एमएसडब्ल्यू किंवा एमबीए करणारी बरीच मुलंमुली विचारतात की डिफेन्स कंपनीत एचआरला नेमकं काम काय असतं. मी पुण्यात संरक्षण खात्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका खासगी कंपनीत एचआर अ‍ॅडमिन बघते, त्यामुळे जे रोज करते तेच सांगते. माणूस गेटमधून आत यायच्या आधी तो कोण आहे हे कागदावर पक्कं करायचं आणि तो नोकरी सोडेपर्यंत ते कागद पक्के ठेवायचे, हे इथलं मुख्य काम. रंगीत प्रेझेंटेशन, टीम आउटिंग वगैरे नंतर.

आपल्याकडे या क्षेत्रात संधी भरपूर आहेत. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी 1869 पासूनची, शिवाय देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती इथल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या. 1 ऑक्टोबर 2021 ला या सरकारी शस्त्र-दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं हेडऑफिस पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात आहे. मुंबईत माझगाव डॉक आहेच. आणि या सगळ्यांना माल पुरवणाऱ्या खासगी कंपन्या चाकण-भोसरीपासून नागपूरपर्यंत पसरल्यात, फ्रेशरला बहुतेक वेळा पहिली नोकरी तिथेच मिळते कारण सरकारी कंपनीत जाहिरात निघायची वाट बघा, मग लेखी परीक्षा, मग इंटरव्ह्यू असं लांबतं.

आता व्हेरिफिकेशन. आयटीत ऑफर लेटर गेलं की पंधरा दिवसांनी माणूस जॉइन होतो, इथे तसं धरून चालू नका. चारित्र्य पडताळणी, मागच्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिला, आधीच्या नोकऱ्या, कुठे केस आहे का, हे सगळं भरून घ्यायचं आणि तपासायचं. मुलगा पुण्याचाच असेल तर काम लवकर होतं, पण बिहार-ओडिशाकडचा वेल्डर असेल तर त्याच्या जिल्ह्यातून कागद यायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात त्याने जुनी नोकरी सोडलेली असते, घरी पैसे पाठवायचे असतात, तो रोज फोन करतो. त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं की कागद आल्याशिवाय आत घेता येणार नाही, तोवर राजीनामा देऊ नकोस. वरून "भरती लवकर करा" असं प्रेशर असतं तरी हे सांगायचंच, माझ्या मते एचआरच्या माणसाची लायकी इथेच कळते.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं, म्हणजे दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं आणि बँकेत माहेरचंच. पडताळणीत हे अडकतं आणि पीएफमध्येही अडकतं, कारण आधार आणि यूएएनवरचं (म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवरचं) नाव, जन्मतारीख जुळली नाही की पैसे काढायच्या वेळी क्लेम परत येतो. म्हणून जॉइनिंगच्या दिवशी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर वाचायचं, लग्नाचं सर्टिफिकेट किंवा नाव बदलल्याचं गॅझेट मागायचं, पीएफचं जॉइंट डिक्लेरेशन (नाव-जन्मतारीख दुरुस्तीचा कंपनी आणि कामगाराचा एकत्र अर्ज) तेव्हाच करून टाकायचं. पोरं याला क्लार्कचं काम म्हणून नाक मुरडतात, पण पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी पीएफचा अ‍ॅडव्हान्स हवा असताना अडकून पडलेल्या ऑपरेटरला विचारा या कामाची किंमत.

गुप्ततेचा भाग वेगळाच. शासकीय गुपिते कायदा 1923 चा, अजूनही लागू आहे. कॅमेऱ्याचा मोबाईल गेटवर लॉकरमध्ये जातो, मॅनेजरचाही, आणि तो नियम समजावायचं काम आपल्याकडे येतं. नोकरीच्या जाहिरातीत प्रोजेक्टचं नाव टाकायचं नाही, फॅक्टरीतल्या कुठल्या शॉपला (विभागाला) किती माणसं लागली हे बाहेर बोलायचं नाही, लिंक्डइनवर तर अजिबात नाही. स्फोटकांच्या फॅक्टरीत याहून कडक असतं, काडेपेटी-लायटर गेटवरच काढून घेतात, डेंजर बिल्डिंगमध्ये, म्हणजे जिथे प्रत्यक्ष स्फोटकं हाताळतात तिथे, काम करणाऱ्यांचे कपडे-बूटसुद्धा ठरलेले, स्टॅटिकची एक ठिणगी पुरते. तिथल्या इंडक्शनला कुणी उशिरा आला तर "नंतर बघू" म्हणायचं नाही, इंडक्शन झाल्याशिवाय पास नाही.

कॉन्ट्रॅक्ट लेबर हा निम्मा दिवस खातो. ठेकेदार महिन्याला पीएफचं चलन आणून देतो, नुसती रक्कम बघून सही करू नका, हजेरीतली नावं आणि चलनातली नावं एकेक करून टॅली करा. हजेरीत चाळीस आणि चलनात छत्तीस असेल तर ते चार कोण हे त्याच दिवशी विचारा, कारण ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी मुख्य कंपनीवर येते आणि त्या चार जणांचे पैसे तोवर गेलेले असतात.

अभ्यासाचं म्हणाल तर 29 जुने कायदे मिळून झालेले चार लेबर कोड 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेत, ते मूळ मजकुरातून वाचा, गाईडवर राहू नका. वेतनाची व्याख्या आधी पाठ करा, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापुढे गेले की वरचा भाग वेतनात धरायचा. फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना, एक वर्षावर ग्रॅच्युइटी हेही नीट बघा, आमच्याकडे ऑर्डरप्रमाणे माणसं घेतात म्हणून हा प्रश्न इंटरव्ह्यूत हमखास येतो. एक्सेलमध्ये व्हीलूकअप आणि पिव्होट हातचं हवं, आणि शॉपफ्लोअरवर बोलण्याइतकी हिंदी. पगार सुरुवातीला आयटीतल्या एचआरपेक्षा कमीच मिळेल, आणि शनिवार बहुतेक ठिकाणी वर्किंग असतो, तेवढं घरी सांगून ठेवा.