कृषी फिडर सौरवर नेताना: जागा, डीपी आणि ऑटो स्विच

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा ही केंद्रंही विदर्भातलीच. तरी हरभऱ्याचं ओलित रात्री जागून करायचं, कारण कृषी फिडरला, म्हणजे सबस्टेशनमधून शेतपंपांकडे येणाऱ्या लाइनला, थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून तोच फिडर दिवसा चालवतात. मात्र नुसते पॅनल लागले म्हणजे काम झालं, असं नाही.

आधी जागा. सबस्टेशनपासून खासगी जमीन 5 किलोमीटरच्या आत हवी, सरकारी असेल तर 10. एका मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात. भाडं हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये, त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा, वर्ग 2 चा (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) शेरा किंवा न झालेला वारसाचा फेरफार असेल तर तो आधी निस्तरा. करार तिथंच अडतो. ग्रामपंचायत ई-क्लास (सरकारी, गायरानाची) जमीन देत असेल तर जुन्या नोंदीत ‘झुडपी जंगल’ लिहिलंय का, ते तलाठ्याकडून काढून घ्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच ठरवलं आहे. तसा शेरा असेल तर केंद्राच्या वन परवानगीशिवाय खड्डासुद्धा खणता येत नाही.

कपाशीची भारी काळी जमीन देऊ नका. एक तर ती पिकाची, दुसरं म्हणजे ती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते. पाये उथळ असले की खांब कलतात आणि पॅनलच्या काचेवर ताण येतो. बरड, मुरमाड वावर उत्तम.

आता खरी गोम डीपीत, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या रोहित्रात आहे. 5 एचपीची मोटार साधारण साडेपाच केव्हीए (वीजभाराचं माप) खेचते, म्हणजे 100 केव्हीएच्या डीपीवर सतराअठराच पंप नीट चालतात. प्रत्यक्षात पाणी खोल गेलं म्हणून कित्येकांनी मंजुरी 5 ची ठेवून मोटार साडेसातची टाकलेली असते. त्यात जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप चालू करणारा. सकाळी फिडर चालू झाला की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाचसहा पट करंट घेते. व्होल्टेज कोसळतं, मोटार वेग न पकडता नुसती गुंगुं करते, मग डीपीचा डीओ (फ्यूज) उडतो, नाहीतर कुणाचं वाइंडिंग जळतं. दोष मात्र सौरला!

उपाय फार खर्चाचा नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी बसून ऑटो स्विच काढा. काढायचाच नसेल तर स्टार्टरला टायमर लावून प्रत्येकाची वेळ अर्ध्या-एक मिनिटानं पुढं सरकवा. 5 एचपीला 2 केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), साडेसातला 3 केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा. करंट साधारण सहाव्या हिश्श्यानं उतरतो. एकानंच बसवून उपयोग नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तरच व्होल्टेज सावरतं. वाढीव एचपी मंजूर करून घ्या, त्याशिवाय जादा डीपीचा प्रस्ताव पुढं सरकत नाही.

फिडर ट्रिप झाला की डोक्यावर कडक ऊन असलं तरी प्रकल्प बंद पडतो. हा बिघाड नव्हे. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टरनं (पॅनलची वीज लाइनला चालेल अशी करून देणारं यंत्र) थांबायलाच हवं, नाहीतर तारेवर चढलेला लाइनमन जिवाला मुकेल. सकाळी आणि चारनंतर पॅनल कमी देतात, तेव्हाची तूट ग्रिड भरून काढते, म्हणजे बऱ्याच अंशी कोळसाच. गावठाण फिडरवरचे संध्याकाळचे दिवेही अजून त्याच्यावरच.

वणी, राजुऱ्याकडे कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ काचेवर बसते, म्हणून धुण्याच्या पाण्याची सोय करारातच लिहून घ्या. धुणं पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, लगेच रबरी वायपरनं ओढून घ्या.

पावसाळ्यात पंप बंद असतात. मधेच उघडीप पडून ऊन आलं की वीज उलटी सबस्टेशनकडे वाहते, 11 केव्ही लाइनचं व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर वारंवार बंद पडतात. तेव्हा वेळ नि व्होल्टेज वहीत टिपून ठेवा. सबस्टेशनच्या रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमीजास्त करायची जोडणी) बदलायचा की नाही, हे त्या नोंदींवरूनच ठरवता येतं.