शिक्षण संस्थेच्या करारात ‘समूह’ कसा लिहावा

एक शिक्षण संस्था, तिची बारा महाविद्यालयं आणि त्याच आवारात नवं खासगी विद्यापीठ. सॉफ्टवेअरचा करार संस्थेशी, वापरणार सगळे. अशा मसुद्यात ‘व तिच्या सर्व भगिनी संस्था’ असं सर्रास लिहितात. कानाला बरं वाटतं, पण भगिनी कोण हे ठरवायला त्यात काहीच नसतं. ‘संलग्न संस्था’ त्याहून वाईट. शिक्षणक्षेत्रात संलग्न म्हणजे विद्यापीठाशी संलग्न, त्यामुळे भलताच अर्थ निघतो.

आधी कागद मागवा: नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा (न्यासाच्या नोंदींचा), प्रत्येक घटकाचा पॅन. पॅन संस्थेचाच असेल तर ते महाविद्यालय बहुधा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नाही. मग एकट्या प्राचार्यांच्या सहीवर विसंबू नका, संस्थेचा ठराव घ्या. बँक खातं किंवा टॅन (करकपातीचा खाते क्रमांक) वेगळा आहे म्हणून फसू नका. खासगी विद्यापीठ मात्र कायद्याने स्थापन झालेलं, स्वतंत्र अस्तित्व असलेलं. ते नावानिशी घ्या आणि त्याची सही वेगळी घ्या.

खरी चूक होते समूहात कोण हे ठरवायच्या कसोटीत. कंपन्यांच्या करारातली व्याख्या तशीच उचलली जाते. कंपनी कायदा २०१३ मध्ये उपकंपनी ठरते ती संचालक मंडळावरच्या नियंत्रणावरून किंवा निम्म्याहून अधिक मताधिकारावरून. सहयोगी कंपनीसाठी किमान २० टक्के मताधिकार धरला जातो. शिक्षण संस्था बहुधा सार्वजनिक न्यास असते, आणि न्यासात समभागच नसतात. ‘५० टक्क्यांहून अधिक समभाग’ लिहिलंत की समूहात कोणीच उरत नाही. इथे मोजायचा तो नेमणुकीचा अधिकार:

‘“समूह संस्था” म्हणजे (अ) परिशिष्ट क मध्ये नावाने नोंदलेली संस्था, आणि (आ) जिच्या नियामक मंडळावर निम्म्याहून अधिक सदस्य नेमण्याचा अधिकार संस्थेला आहे अशी अन्य संस्था, तो अधिकार असेपर्यंत.’

शेवटचे शब्द नीट पाहा. ‘असेपर्यंत’ हे फक्त (आ)ला लागतं. (अ)मधलं नाव परिशिष्टातून कधी व कोणाच्या पत्राने वगळायचं, हे वेगळ्या वाक्यात लिहा. बाहेर पडणाऱ्याला आपला डेटा उतरवून घ्यायला ९० दिवस द्या. नवं महाविद्यालय आलं तर शुल्क विद्यार्थीसंख्येप्रमाणे वाढेल हेही तिथेच, नाहीतर विक्रेता एकाच दरात सगळ्यांना पोसत बसेल.

मग मसुद्यात ‘समूह संस्था’ शब्द शोधून प्रत्येक जागा तपासा. वापराच्या परवान्यात व्याप्ती मोठी चालते. नुकसानभरपाईच्या कलमात तोच शब्द राहिला, तर विद्यापीठाची थकबाकीही संस्थेच्या गळ्यात पडू शकते. तिथे ‘संस्था’ एवढंच ठेवा, किंवा कोण कोणासाठी किती रकमेपर्यंत जबाबदार ते लिहा.

लवादाचं कलम सर्वात शेवटी वाचलं जातं, तेही घाईत. कॉक्स अँड किंग्ज विरुद्ध सॅप इंडिया या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की सही न केलेली समूह कंपनीही तिच्या वागण्यावरून लवादाला बांधली जाऊ शकते. म्हणून लवादात कोणाला ओढायचं आणि कोणाला नाही, ते नावासकट त्याच कलमात घाला.