आधी विहिरीचं पाणी चाखा, मग सोलर घ्या

मी दापोली-हर्णै पट्ट्यात नळजोडणीची कामं करतो. पाणी तापवायचा सोलर बसवायचा म्हटलं की लोक आधी किंमत विचारतात. मी विचारतो, मे महिन्यात विहीर मचूळ होते का? होत असेल तर साध्या स्टीलची टाकी घेऊच नका. खारं पाणी स्टीलला सुईएवढी भोकं पाडतं, तीही बहुधा वेल्डिंगच्या जोडापाशी. आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी घ्या. तिच्यात मॅग्नेशियमचा दांडा असतो, टाकीच्या बदली तो झिजतो. वर्षातून एकदा काढून बघा. काडीसारखा बारीक झाला असेल तर लगेच बदला.

आता नळ्या की सपाट पॅनेल? काचेच्या नळ्या स्वस्त पडतात आणि पाणी कडकडीत तापवतात. पण माडाखाली, वानरांच्या वाटेवर त्या नकोत. साध्या प्रकारात एक नळी फुटली तरी टाकीतलं पाणी वाहून जातं. नळीच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला, तर तिच्या दुहेरी काचेमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली समजा. ती नळी बदलावी लागते. सपाट पॅनेलची काच तडकली तरी आतल्या तांब्याच्या नळ्यांतून पाणी तापत राहतं. आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी नाही, म्हणून माझं मत सपाटलाच.

छपरावर वीज बनवणारी पॅनेलं असतील, तर हिशोब वेगळा. 100 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 4 युनिटं लागतात. 1 किलोवॅटची पॅनेलं चांगल्या उन्हात दिवसाला तेवढीच देतात. हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, लावला तर वीज साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, पण यंत्र महाग. नुसत्या आंघोळीच्या पाण्यासाठी मी वीज-पॅनेलं सुचवत नाही.

बसवताना तोंड दक्षिणेला आणि कल 28 अंशांच्या आसपास ठेवा. पंपाशिवाय चालायचा तर टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्यापेक्षा वर हवा. माडाची सावली डिसेंबरात तपासा, तेव्हा ती सगळ्यात लांब पडते. कौलांवर भार टाकू नका. भरलेली 100 लिटरची टाकी शंभर किलोंच्या वर जाते. शेजारी जांभ्याचा चौथरा बांधा. स्टँड जस्ताच्या रसात बुडवून काढलेला घ्या आणि काँक्रीटमध्ये बोल्टने पक्का आवळा. 2020 च्या निसर्ग वादळानंतर यात मी तडजोड करत नाही.

आणि बंब मोडीत काढू नका. जून ते सप्टेंबर आंघोळीचं पाणी सोडणं-करवंट्यांवरच तापणार आहे.