सव्वादोन मीटर मांजरपाट आणि पाच आठवडे: घरच्या घरी बाराबंदी

१७ फेब्रुवारीच्या रात्री शाळेच्या ग्रुपवर ‘१९ तारखेला मुलांना मावळ्याच्या वेशात पाठवा’ असा निरोप येतो आणि १८ ला मेन रोडवरून चकचकीत साटिनचा, मागे वेल्क्रो लावलेला ड्रेस घरी येतो. तो टोचतो, घाम शोषत नाही आणि मिरवणूक संपायच्या आत काखेत उसवतो. त्याऐवजी संक्रांत झाली की कामाला लागा. डबे, शिकवणी, पाहुणे सांभाळून दिवसाची वीस-पंचवीस मिनिटं मिळाली तरी शिवजयंतीपर्यंत सुती बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा मावळ्याचा अंगरखा, आरामात होते.

कापड

मावळ्याला जर नको, चमक तर नकोच. कोरा मांजरपाट घ्या. यंत्रमागांचं मालेगाव आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे, त्यामुळे असलं जाडंभरडं सुती कापड शोधत फिरावं लागत नाही. दहा वर्षांच्या, २६ इंच छातीच्या मुलाला ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर पुरतं. रात्रभर पाण्यात भिजवून खळ जाऊ द्या, सकाळी वाळत घाला आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. हा टप्पा गाळला तर पहिल्याच धुण्यात कापड आटतं, दोरा मात्र आटत नाही, आणि प्रत्येक शिवणीला सुरकुत्या पडतात.

बेतणं

छातीत ४ इंच सैलपणा ठेवा. फेब्रुवारीत नाशिकची सकाळ गार असते आणि बाराबंदीच्या आत स्वेटर घालायचा आग्रह कुणीतरी करणारच. म्हणजे घेर ३० इंच. पाठीचा तुकडा १६ इंच रुंद, पुढचे दोन भाग प्रत्येकी साडेतेरा इंच (त्यातले ५ इंच एकमेकांवर चढवण्यासाठी), सगळ्यांची लांबी २४ इंच. बाही २० इंच लांब, वर १२ इंच आणि मनगटाशी साडेआठ. काखेसाठी ४ इंचांचे दोन चौकोन. यात सगळीकडे शिलाईची अर्धा इंच माया धरली आहे. आडवे काप कात्रीने न कापता छोटी चीर देऊन हाताने फाडा. मांजरपाट धाग्यावर सरळ फाटतो आणि जमिनीवर खडू-पट्टी घेऊन बसायचा वेळ वाचतो.

पुढच्या दोन्ही भागांना गळ्यापासून काखेखालपर्यंत तिरपा काप येतो. तो कापल्या कापल्या कडेला लागून एक बारीक धावदोरा घाला. तिरपं कापड हातात नुसतं धरलं तरी ताणतं आणि मग गळा छातीवर झोळीसारखा लोंबतो.

काखेतला चौकोन

बहुतेक जण इथेच सोडून देतात. आजच्या शर्टासारखी खोलगट मुंढ्याची (काखेभोवतीच्या गोल कापाची) बाही इथे नसते. बाही सरळ पट्टीसारखी जोडतात आणि हात हलायला जागा देतो तो हा चौकोन. तो नसेल तर तलवार उपसायला हात वर केला की अख्खी बाराबंदी पोटावर चढते.

आधी खांद्याची शिवण, मग बाही खांद्याला. त्यानंतर चौकोनाची एक बाजू बाहीला, शेजारची बाजू अंगाच्या कडेला. प्रत्येक टीप कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबवा. सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा पाय उचला, कापड वळवा, पाय खाली. टीप कडेपर्यंत नेली की कोपऱ्यात चुण्या पडतात आणि उसवण्यात संध्याकाळ जाते. एक काख एका बैठकीत संपवा. अर्धवट ठेवून दोन दिवसांनी बसलं की कुठली बाजू कुठे, हे आठवत नाही.

बंद

बारा बंद म्हणजे सहा जोड्या: दोन आत, चार बाहेर. प्रत्येकी १२ इंच लांब, दीड इंच रुंद पट्टी. दोन्ही कडा मधोमध आणून पुन्हा दुमडा आणि हाताने टाके घाला. नळी शिवून पिनेने उलटवायच्या भानगडीत पडू नका. हे काम मशीनपाशी बसून करायचंच नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजताना किंवा मुलांच्या क्लासबाहेर थांबल्यावर रोज दोन बंद सहज होतात. डब्यात पट्ट्या, सुई, रीळ भरून पिशवीत टाका.

बांधायची बाजू कापडावर हात ठेवण्याआधी ठरवा. मुघलकाळच्या चित्रांत सर्वसाधारण संकेत असा दिसतो की हिंदूंचा जामा (असाच बंदांचा लांब अंगरखा) डाव्या काखेकडे बांधलेला असतो आणि मुसलमानांचा उजव्या. म्हणजे घालणाऱ्याचा उजवा भाग वर येतो, आजच्या पुरुषी शर्टाच्या नेमका उलट. शर्ट समोर ठेवून शिवणारे इथेच फसतात. खालचा डावा भाग आतल्या दोन जोड्यांनी उजव्या कुशीला बांधायचा, नाहीतर तो खालून लोंबत राहतो.

बंदांची टोकं कडेवर टाचून घ्या, मगच वरून सव्वा इंची उरेब (तिरपी कापलेली) पट्टी फिरवा. टोकं पट्टीत दडतात आणि ओढली तरी सुटत नाहीत.

हात की मशीन?

त्या काळी शिलाई मशीन नव्हतंच. तरी आतल्या लांब शिवणी मशीनवर बिनधास्त मारा, त्या कुणाला दिसत नाहीत. पट्टीची बाहेरची कड आणि खालची दुमड मात्र सुती दोऱ्याने हातशिलाईची ठेवा.

१६ तारखेला स्वेटरवर घालून बघा. सगळे बंद बांधून मुलाला दोन्ही हात वर करून ‘हर हर महादेव’ म्हणायला लावा आणि खालची कड किती उचलली जाते ते पाहा. दोन इंचांपेक्षा जास्त वर गेली तर काखेतले चौकोन काढून पाच इंचांचे घाला. उरलेल्या मांजरपाटातून ते निघतात.