विंडोज १० वरून ११ वर जाताय? आधी ते ४८ आकडे शोधा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नात्यातले निम्मे लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन गेलेत. 'बटण दाबा आणि चहा पिऊन या' असं सांगणाऱ्यांनी एकदा तरी अडकलेलं मशीन सोडवून दाखवावं.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचं तपासणी अ‍ॅप चालवा; ११ चालेल की नाही ते कळतं. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. तो नसेल तर युक्त्या लढवून ११ बसवू नका. पुढची अपडेट मिळतील याची हमी नाही. त्यापेक्षा १० वरच राहा आणि वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

आता खरी मेख. अपग्रेडआधी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं म्हणतात. बरोबरच आहे, पण बऱ्याच लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप होऊ शकतं. मग बायोस बदललं की मशीनला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी 'रिकव्हरी की', म्हणजे कुलूप उघडायचा क्रमांक, मागितली जाते. मावसबहिणीच्या लॅपटॉपवर मी हेच करून बसलो. ती की तिच्या खात्यात सापडेना, कारण लॅपटॉप विकताना दुकानातल्या पोराने स्वतःच्याच ईमेलवर खातं उघडून दिलं होतं! दोन दिवस त्याला फोन करत होतो. नशिबाने तो ईमेल अजून चालू होता. नसता, तर तिचे सगळे फोटो गेलेच होते. ती की मायक्रोसॉफ्टलाही तयार करून देता येत नाही.

म्हणून लॅपटॉप कोणत्या खात्यावर आहे ते आधी बघा. त्या खात्यात मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन ती की शोधा आणि आकडे कागदावर उतरवा; सोबत 'की आयडी'ची (त्या कीच्या ओळख क्रमांकाची) पहिली आठ अक्षरंही लिहा, निळा पडदा आलाच तर तिथल्या आयडीशी ती जुळवा. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर (प्रोमधली एन्क्रिप्शनची सोय) तात्पुरतं थांबवा. होम असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत चार्जर काढू नका; तास-दोन तास जातात. मगच बायोस. तिथे 'क्लिअर टीपीएम' दिसलं तर हात लावू नका.

एवढं झालं की अपग्रेड सुरू करा; पुढचं स्वतःहून होतं.

नंतर दहा दिवसांतच जुन्या विंडोजवर परतता येतं. तेवढ्यात प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन, डीटीपीवाल्यांनी श्रीलिपी या फॉन्ट-सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीत लावायची चावी), सगळं प्रत्यक्ष वापरून बघा. सी ड्राइव्ह लाल झाला, म्हणजे जागा संपत आली, तरी आधीच्या विंडोजच्या फाइल्स तोवर पुसू नका. आणि एन्क्रिप्शन पुन्हा चालू करायला विसरू नका.