जिनिंगच्या प्रक्रियेचे मॉडेल करताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या जिनिंगमधील (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यातील) कापूस खरेदीची प्रक्रिया मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे कामाचे टप्पे आकृत्यांनी मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मांडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते चित्र काढण्याचेच काम आहे असे मी समजलो. गाडी फाटकातून आत येते, भरलेल्या गाडीचे वजन होते, कापसाचा ओलावा तपासला जातो, माल खाली होतो, रिकाम्या गाडीचे वजन होते, हिशेबपट्टी निघते आणि चुकारा (मालाचे पैसे) कास्तकाराच्या बँक खात्यात जमा होतो. एवढ्याला सात चौकोन आणि काही बाण पुरतील असा माझा अंदाज होता. हंगाम सुरू झाल्यावर त्या मॉडेलवर विसंबून अहवाल काढायला गेलो, तेव्हा एकही अहवाल दुसऱ्याशी जुळेना.

मूळ गैरसमज एकच होता. पडद्यावर दिसणारा चौकोन म्हणजे ऑब्जेक्ट नव्हे. ऑब्जेक्ट, म्हणजे मॉडेलमधील एखादी व्यक्ती, वस्तू किंवा काम, हा मॉडेलच्या रिपॉझिटरीत (मूळ नोंदसाठ्यात) एकदा नोंदवलेला असतो आणि वेगवेगळ्या आकृत्यांमध्ये त्याचे केवळ दर्शन घडते, जसा शेतीचा अभिलेख एकच असतो आणि सातबाराचे उतारे हवे तितके काढता येतात. एरिस या सॉफ्टवेअरमध्ये हा भेद नावातच आहे: तेथे ऑब्जेक्टची व्याख्या वेगळी आणि त्याचा आकृतीतील आढळ वेगळा मानला जातो. इतर साधनांत तो मेनूच्या पर्यायांत दडलेला असतो, म्हणून नजरेतून सुटतो.

एकच गोष्ट तीन नावांनी

लक्षण असे दिसते की ‘कास्तकार’ कोणकोणत्या प्रक्रियांत येतो असे विचारले असता सॉफ्टवेअर एकच प्रक्रिया दाखवते, आणि प्रत्यक्षात तर तो सगळीकडे असतो. माझ्या मॉडेलमध्ये एका आकृतीत ‘कास्तकार’, दुसऱ्या आकृतीत ‘शेतकरी’ आणि तिसऱ्या आकृतीत ‘सभासद’ असे तीन ऑब्जेक्ट तयार झाले होते, कारण कागदपत्रांची भाषा वेगळी आणि काट्यावरची भाषा वेगळी. यांतील ‘सभासद’ हा खरोखरच वेगळा होता, कारण कंपनीचा भागधारक नसलेला कास्तकारही तेथे कापूस आणतो. पहिले दोन मात्र एकच होते. म्हणजे सरसकट एकत्रीकरण करणेही चूकच ठरले असते. आधी अर्थ विचारावा आणि मगच ऑब्जेक्ट एकत्र करावेत.

मराठीत काम करताना या चुकीला आणखी एक वाट मिळते. ‘हिशेबपट्टी’ आणि ‘हिशोबपट्टी’ ही दोन्ही रूपे लोक लिहितात आणि संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजतो. जुन्या कागदपत्रांत कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली नावे असतात. ती जशीच्या तशी चिकटवली तर मॉडेलमध्ये निरर्थक अक्षरे दिसतात आणि शोध घेतला तरी ती सापडत नाहीत. अशी नावे रूपांतर करून किंवा सरळ नव्याने युनिकोडमध्ये टंकून घ्यावीत. नवा ऑब्जेक्ट तयार करण्यापूर्वी नावाचा पहिला भाग टाकून शोध घ्यावा, आणि तो आधीपासून असेल तर मॉडेलच्या यादीतून ओढून आकृतीत आणावा. एंटरप्राइझ आर्किटेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये असे ओढताना तो दुवा म्हणून हवा आहे की नवी प्रत म्हणून, असा प्रश्न विचारला जातो. घाईने दुसरा पर्याय निवडणारे माझ्यासारखे बरेच असावेत.

आकृतीतून काढले, मॉडेलमध्ये राहिले

एंटरप्राइझ आर्किटेक्टमध्ये डिलीटची कळ दाबली तर ऑब्जेक्ट फक्त त्या आकृतीतून जातो; कंट्रोल आणि डिलीट एकत्र दाबले तर तो मॉडेलमधूनच नाहीसा होतो आणि सर्व आकृत्यांतून एकाच वेळी गळतो. आर्ची या मोफत साधनात दृश्यातून काढणे आणि मॉडेलमधून काढणे असे दोन पर्याय आहेत. उतारा फाडल्याने शेत जात नाही, आणि फेरफार झाला तर सगळे जुने उतारे निरुपयोगी होतात, एवढे लक्षात ठेवले तर यांतील फरक विसरला जात नाही. यादीत असूनही कोणत्याच आकृतीत नसलेले ऑब्जेक्ट शोधण्याची सोय दोन्ही साधनांत आहे. आर्चीचा व्हॅलिडेटर (मॉडेलमधील चुका तपासणारी सोय) ते आपणहून दाखवतो. महिन्यातून एकदा ती तपासणी चालवावी.

कागदालाच प्रक्रिया म्हणणे

आर्किमेट या मांडणीभाषेत प्रक्रिया म्हणजे घडणारी कृती, आणि व्यावसायिक ऑब्जेक्ट म्हणजे ज्यावर ती कृती होते ती निष्क्रिय वस्तू. ‘हिशेबपट्टी’ ही वस्तू आहे आणि ‘हिशेबपट्टी तयार करणे’ ही प्रक्रिया आहे. हे सोपे वाटते, पण काट्यावर लोक ‘आता काटापट्टी आहे, मग हिशेबपट्टी आहे’ असेच बोलतात, आणि ऐकलेले तसेच उतरवले की कागदांची रांग प्रक्रिया म्हणून उभी राहते. नावात क्रियापद ठेवण्याचा नियम पाळला तर निम्मे गोंधळ टळतात. प्रक्रिया आणि वस्तू यांच्यात ती वस्तू वाचली जाते की लिहिली जाते हे सांगणारा प्रवेशसंबंध जोडावा. आर्किमेट कोणत्याही दोन घटकांत साधा सहसंबंध जोडू देते, म्हणून तो सर्वत्र वापरण्याचा मोह होतो. तसे केल्यास आकृती छान दिसते, पण ओलाव्याच्या नोंदीचा नमुना बदलला तर कोणत्या प्रक्रियांना धक्का बसेल हे ती सांगू शकत नाही.

भाव नावात घालू नये हेही येथेच सांगतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2024-25 मध्ये क्विंटलला 7,521 रुपये होता आणि 2025-26 साठी तो 8,110 रुपये झाला. भावाचा आकडा टास्कच्या (आकृतीतील एका कामाच्या चौकोनाच्या) नावात असेल तर प्रत्येक हंगामात मॉडेल खोटे ठरते. असे आकडे ऑब्जेक्टच्या गुणधर्मात किंवा निर्णयतक्त्यात ठेवावेत.

गाडी आणि गाठ एका दोरीत

सर्वांत खोलवरची चूक मला सर्वांत उशिरा कळली. खरेदीपासून प्रेसिंगपर्यंत एकच सलग प्रक्रिया मी काढली होती: गाडी आली, कापूस खाली झाला, सरकी वेगळी झाली, रुईची गाठ बांधली गेली. बाण बिनचूक होते, मांडणी मात्र चुकीची होती, कारण खरेदीत प्रक्रियेची एक फेरी म्हणजे एक गाडी, आणि जिनिंगमध्ये एक फेरी म्हणजे एक गंजी (खाली केलेल्या कापसाचा ढीग). गाठ 170 किलोची असते आणि कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, त्यामुळे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. गंजीत तो अनेक कास्तकारांच्या गाड्यांतून मिसळलेला असतो. एका गाडीची कोणतीही ठरावीक गाठ नसते. अशा वेळी दोन स्वतंत्र प्रक्रिया काढाव्यात आणि त्यांच्यामध्ये गंजीची नोंदवही डेटा स्टोअर म्हणून ठेवावी. बीपीएमएन या प्रक्रियेच्या आकृत्या काढण्याच्या चिन्हभाषेत डेटा ऑब्जेक्ट त्या फेरीबरोबर संपतो, तर डेटा स्टोअरमधील नोंद फेरी संपल्यावरही टिकते. खरेदीची प्रक्रिया तेथे नोंद करते आणि जिनिंगची प्रक्रिया ती वाचते. गाडीमागे एक ओलावा-नोंद हा डेटा ऑब्जेक्ट, सभासदांची यादी मात्र डेटा स्टोअर.

कास्तकार आणि बँक यांना जिनिंगच्या पूलमधील (एका संस्थेच्या कामांच्या चौकटीतील) लेन, म्हणजे त्या संस्थेतील एका विभागाचा पट्टा, समजणे ही याचीच धाकटी बहीण. ते आपल्या आदेशाने चालत नाहीत, म्हणून त्यांचे पूल वेगळे असावेत. पूलची सीमा सिक्वेन्स फ्लो (कामांचा क्रम दाखवणारा बाण) ओलांडू शकत नाही; तेथे मेसेज फ्लोच (निरोपाचा बाण) लागतो.

फाटा फुटतो आणि मिळत नाही

माल खाली झाल्यावर रिकाम्या गाडीचे वजन आणि प्रतीची नोंद ही दोन कामे एकाच वेळी चालतात, म्हणून मी तेथे समांतर गेटवे ठेवला होता. गेटवे म्हणजे वाटा फुटण्याचे किंवा मिळण्याचे चिन्ह; समांतर गेटवे सर्व फांद्या एकदम सुरू करतो आणि मिळताना सर्वांची वाट पाहतो. ती दोन्ही कामे पुन्हा एकत्र येतात तेथे मात्र एकच पर्याय निवडणारा गेटवे चुकून पडला. तो कोणाची वाट पाहत नाही. जी फांदी येईल तिला पुढे सोडतो. परिणामी हिशेबपट्टी दोनदा निघत होती. काट्यावरच्या माणसाने छापील आकृतीवर बोट ठेवून सांगितले, “भाऊ, तुमच्या चित्रात तं कास्तकाराले दोनदा चुकारा भेटून रायला.” दोन्ही बाण गेटवेशिवाय थेट टास्कला जोडले असते तरी हेच झाले असते. याच्या उलट चूक, म्हणजे एकच फांदी निवडून पुढे समांतर गेटवेने मिळवणे, प्रक्रियेला कायमची अडकवते, कारण तो गेटवे न येणाऱ्या फांदीची वाट पाहत राहतो.

तेव्हापासून मी आकृती मोठ्या कागदावर छापतो आणि तिच्यावर सरकीचे दाणे चालवतो. एक दाणा म्हणजे एक टोकन, प्रक्रिया कोठवर आली हे दाखवणारी खूण. समांतर गेटवेवर दाणे वाढवायचे, मिळण्याच्या जागी सगळे दाणे येईपर्यंत थांबायचे. ज्यांनी कधी मॉडेलिंगचे नाव ऐकलेले नाही असे मापारी आणि हमालही या खेळात चूक पकडतात.

ओलाव्याच्या टप्प्यावर हे दाणे सर्वांत जास्त अडखळले. भारतीय कपास निगमच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 8 ते 12 टक्क्यांत कपात आणि 12 टक्क्यांवर माल नाकारला जातो. माझ्या अटी ‘8 पेक्षा कमी’, ‘8 पेक्षा जास्त आणि 12 पेक्षा कमी’ आणि ‘12 पेक्षा जास्त’ अशा होत्या. मीटरने नेमके 8 किंवा 12 दाखवले की दाण्याला पुढे वाटच नव्हती. कोणतीही अट खरी ठरली नाही आणि डीफॉल्ट फांदीही (अशा वेळी घ्यायची ठरलेली वाट) नसेल, तर बीपीएमएनच्या नियमानुसार तेथे त्रुटी उद्भवते. अटींत ‘किंवा तितकेच’ घातले आणि एक फांदी डीफॉल्ट केली. नाकारलेल्या गाडीची फांदी मी ‘माल नाकारला’ या टास्कवर सोडून दिली होती. भरलेली गाडी फाटकाबाहेर निघून गेली, तरी तिचा गेट पास मॉडेलमध्ये उघडाच राहिला, आणि संध्याकाळी आत आलेल्या व बाहेर गेलेल्या गाड्यांचा मेळ बसेना. आता त्या फांदीवर गेट पास बंद करण्याचे टास्क आणि त्यापुढे स्वतंत्र शेवट आहे.