पाळणाघरात पोरं रमावीत, शिकावीत म्हणून काय करायचं

बऱ्याच जणी विचारतात की घरीच पाळणाघर सुरू करायचंय, भिंती रंगवून घेऊ का, पोस्टर कुठली लावू. रंगवा की, पण पोरगं भिंतीकडं बघून शिकत नाही, त्याला आधी तिथं निर्धास्त वाटलं पाहिजे, घाबरलेलं आणि रडून दमलेलं पोरगं काहीच शिकत नाही.

म्हणून पहिला आठवडा जपायचा. पहिल्या दिवशी आईला तासभर सोबत बसवा, दुसऱ्या दिवशी तिनं दहा-पंधरा मिनिटं बाहेर जाऊन यायचं, मग हळूहळू वेळ वाढवायची. पोरगं खेळात गुंतलेलं बघून आईनं गुपचूप सटकायचं नाही, हे मी प्रत्येकीला हात जोडून सांगते. "मी कामावर जाते, तू झोपून उठलास की येते" असं सांगूनच निघायचं. रडलं तर कडेवर घ्या, पण फसवू नका, एकदा फसवलं की ते दिवसभर दाराकडंच बघत बसतं.

आपल्या सोलापुरात दुसरी मोठी गोष्ट म्हणजे भाषा. पूर्व भागात कितीतरी घरात तेलुगू, कुणाकडं कन्नड, कुणाकडं उर्दू. दोन-अडीच वर्षाचं पोरगं "नीळ्ळु नीळ्ळु" करतंय आणि ताईला कळेना की त्याला पाणी पाहिजे, तर त्याला काय वाटत असेल सांगा. नाव घालतानाच आईकडून वीसेक शब्द वहीत लिहून घ्या, पाणी, भूक, शू, झोप, दुखतंय, आई येणारे. तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु, तुम्ही त्याच्या शब्दात बोला आणि लगेच मराठीत पण म्हणा, पोरं दोन्ही उचलतात. मिसळून बोलली म्हणून रागवायचं नाही.

खेळण्यांवर पैसे घालवू नका. यंत्रमागावरच्या रिकाम्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या (टोक-कड तपासून, धुऊन), टॉवेलचे तुकडे, डबे, चमचे, पुठ्ठ्याची खोकी, एवढ्यात पोरं तास-तास रमतात. सगळं खालच्या फळीवर, त्यांचा हात पोचेल असं ठेवा, म्हणजे घेणं आणि परत ठेवणं दोन्ही त्यांचं काम. एक कोपरा भातुकलीचा, एक ठोकळ्यांचा, एक चटई टाकून पुस्तकांचा. आणि खेळताना सारखं मधे बोलायचं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेनंतर माझ्याकडं पोरं काठी उभी धरून नंदीध्वज (जत्रेच्या मिरवणुकीतली उंच सजवलेली काठी) करतात, "हर्र बोला हर्र" ओरडत खोलीभर मिरवणूक काढतात, त्यात कुणी पुढं चालायचं, कुणी थांबायचं, काठी कशी तोलायची हे त्यांचं तेच ठरवतात. मी फक्त कुणाच्या डोळ्यात काठी जाणार नाही हे बघत बसते.

पालक म्हणतात एबीसीडी कधी लिहायला शिकवणार. तीन वर्षाच्या बोटात पेन्सिलची ताकद नसते हो. कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, मोठे मणी ओवू द्या, त्यानंच बोटं तयार होतात. पण तीन वर्षाच्या आतलं असेल तर मणी, बटणं त्याच्या हाताशी नकोत. आणि आख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नाहीच, घशात अडकतात, शेंगा चटणी बारीक कुटलेली भाकरीला लावून चालते, तिखट कमी.

उन्हाळ्यात पत्र्याखाली पोरं चिडचिडी होतात, त्याला हट्ट म्हणू नका, ते ऊन आहे. मार्च ते मे बाहेरचं खेळणं सकाळी नऊच्या आत, दर अर्ध्या तासाला पाणी आपण होऊन द्यायचं, दुपारी झोप. टबात पाण्याचा खेळ लावला तर तिथून एक मिनिट पण उठायचं नाही, बादलीभर पाणी सुद्धा जिवावर बेततं, खेळ संपला की टब लगेच पालथा.

चावणारं पोरगं प्रत्येक पाळणाघरात असतं. त्याला "चावरा" नाव पाडू नका, बोलता येत नाही म्हणून चावतं. आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्या, मग चावणाऱ्याच्या उंचीला बसून हळू आवाजात सांगा, "चावलं की दुखतं, गाडी पाहिजे तर हात पुढं कर." हे शंभर वेळा सांगावं लागतं. संध्याकाळी आई न्यायला आली की दारात चारचौघात तक्रार करू नका, आज त्यानं काय नवीन केलं ते आधी सांगा आणि चावल्याचं बाजूला घेऊन, शांतपणे.